एका दिवसाचा परवाना

"कारण काय लिहू?" गंगाधरपंतांनी विचारलं.

साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत अबकारीच्या टेबलाशी सुलाबाई उभी होती. मागं बाकावर तिचे सासरे, आप्पासो हवालदार, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं. पहिल्या लढाईत बसऱ्याला तो कान गेला तो गेलाच. म्हणून कचेरीत बोलायचं काम सुनेवर आलं होतं.

"नवऱ्याचं दोस्त येनार हायती," ती म्हणाली. "पलटणीतलं. तीन गडी."

"नवरा कुठं असतो?"

"इटलीत."

पंतांनी चष्म्यावरून बघितलं. लढाई संपून चार वर्षं झाली, आता कुठला शिपाई इटलीत असणार, हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं. दौतीत बुडवलेला टाक त्यांनी तसाच धरून ठेवला. "म्हणजे... हे बघा बाई, छापील कागदावर तीनच कारणं आहेत. लग्न, मेजवानी आणि औषध. श्राद्धाला दारूचा परवाना मला देता येणार नाही."

"सराद न्हवं जी. त्येनंच बोलावलं व्हतं त्येस्नी. लढाई सरली की माझ्या गावाकडं या, बोकड कापतो, रम पाजतो, म्हनून. त्ये आता येत्यात."

"आणि बोलावणाराच..." पंतांनी वाक्य पुरं केलं नाही. 'मेजवानी' या शब्दापुढं त्यांनी खूण केली.

फॅमिली पेन्शन सुलाबाईच्या नावावर होती, सोल्जर बोर्डाची शिफारस तिच्याच नावानं आली होती. त्यामुळं अर्जही तिच्याच नावानं करावा लागला. पंत लिहिता लिहिता म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली मला नोकरीत. बाईच्या नावावर रमचा परवाना पहिल्यांदाच लिहितोय." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. झालं ते नवल त्यांनी सांगितलं, इतकंच.

अटी त्यांनी वाचून दाखवल्या. चैत्रातला दुसरा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. चार बाटल्या, सीलबंद. पाहुणे तिघं आणि घरचा कर्ता पुरुष, गावातल्या दुसऱ्या कुणालाही थेंब नाही. "आणि दारूबंदी समितीच्या एका सभासदाची हमी लागते. त्यानं सही करायची आणि दिवसभर जातीनं हजर राहायचं. तुमच्या माळेवाडीचे सभासद कोण?" त्यांचं बोट यादीवरून खाली उतरलं. "नानासो आप्पासो जगदाळे. म्हणजे हे..."

"माझं थोरलं भावजी."

"मग झालंच की काम! सही घरातच आहे."

आप्पासोंच्या चांगल्या कानावर तेवढे शब्द पडले. ते काठी टेकत उठले. "सही घरात हाय खरी," ते म्हणाले, "पर पंत, तुमच्या कचेरीपरास आमच्या घराच्या पायऱ्या लय उंच हायती."

मोटारीनं दोघं परत निघाली. सासरा डोळे मिटून बसला होता आणि सुलाबाई कागदाची घडी पदराच्या टोकात बांधून बाहेर बघत होती. हा परवाना काढायचा हट्ट तिचा होता, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं. गाव म्हणणार होतं, हवालदाराला तलफ आली.

खरी गोष्ट तशी नव्हती. बेचाळीसच्या उन्हाळ्यात अर्जुनाशी तिचं लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. एकोणीस दिवसांची रजा होती त्याची. विसाव्या दिवशी सकाळी तो गेला, तो मग तारेतूनच घरी आला. त्या एकोणीस दिवसांत पहिले पाच तर देवदेव आणि पाहुण्यारावळ्यांत गेले होते. उरलेल्या चौदा दिवसांवर तिनं सात वर्षं काढली होती. आता ते दिवस इतके झिजले होते की त्याचा आवाज कसा होता तेही तिला नक्की आठवेना. कधी कधी तो आवाज दिराच्या आवाजासारखा वाटे आणि मग ती घाबरून दुसरं काहीतरी आठवायला जाई.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या पलटणीतला केरबा एकटाच येऊन गेला होता. सोप्यात बसला, चहा प्याला, "लय चांगला गडी व्हता" एवढं बोलला आणि तासाभरात उठला. सुलाबाई दाराआड उभी राहून त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली होती. तो गेल्यावर सासऱ्यानं सांगितलं होतं, "कोरड्या नरड्यानं शिपाई बोलत न्हाई, पोरी. म्या बसऱ्यास्नं आलो तवा दोन वर्सं तुज्या सासूसंगंबी बोललो न्हवतो."

ते तिनं ध्यानात ठेवलं होतं. आता केरबाचं कार्ड आलं, काश्मीरवरून परतलोय, तिघंही घरी सुटलोय, अर्जुनाचं बोलावणं पुरं करायला येतो. पण आता साताऱ्यात दारूची दुकानं आठवड्यातून किती दिवस उघडी असतात याचा पत्ता नसे आणि गावात बाटली न्यायची तर सरकारचा कागद लागे. मग तीच सासऱ्याला म्हणाली होती, "कागुद काढूया."

*

"माझ्या घरात दारू?" नानासोनं ताटावरचा हात मागं घेतला. "आवं आप्पा, शुद्धीवर हाय का तुमी?"

नानासो थोरला. बेचाळीसला धाकटा भाऊ लढाईवर गेला आणि त्याच वर्षी हा भूमिगत झाला. तीन वर्षं डोंगरात, उसात, परक्या गोठ्यांत राहिला. गावोगावच्या हातभट्ट्या त्यानं आपल्या हातानं फोडल्या होत्या. पिणाऱ्यांच्या बायका अजून त्याला रस्त्यात थांबवून नमस्कार करीत. आता तालुक्याच्या समितीवर होता, अंगात खादी होती आणि बोलण्यात नेहमी एक तोललेपणा असे. आज तो सुटला होता.

"लोक काय म्हंतील? समितीवाल्याच्या घरात परवान्यानं चालतीया म्हंतील."

"परवाना सरकारचा हाय," आप्पासो म्हणाले. "तुज्याच सरकारचा. गोऱ्याचा न्हाई."

"त्ये तिघं येऊ देत. बोकड कापा, बासुंदी घाला. मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्यो कागुद माझ्यापुढं आनू नगा."

चुलीपुढून त्याची बायको धोंडुबाई बोलली, पण बोलली ती जावेकडं बघून. "सुला, तुला तरी ह्ये काय सुचलं? तीन वर्सं पोलीस दारात बसत व्हतं. माझ्या कणग्या उपसून बघितल्या त्येंनी. तवा या घरात कुनाला मेजवानी सुचली न्हाई."

ते खरं होतं. त्या तीन वर्षांत एका जावेचा नवरा सरकारसाठी लढत होता आणि दुसरीचा सरकारशी. दोघी एकाच चुलीपाशी बसून एकमेकींना पीठ, मीठ देत आणि नवऱ्याचं नाव कुणीच काढीत नसे. नंतर धोंडुबाईचा नवरा हार घालून घेत वेशीतून आला. सुलाबाईचं सगळं एका पार्सलात आलं. त्या दिवसापासून धोंडुबाई तिच्याशी वाईट वागली नाही आणि जवळही आली नाही. सुखाची लाज वाटावी तशी ती लांबूनच वागे.

सुलाबाईनं सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढली. कागद तिनं पदरातून सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळ्यात गेली. नानासो मोट हाकत होता. बैल धावेच्या टोकाला जाऊन परत फिरेपर्यंत ती विहिरीच्या कडेला उभी राहिली.

"भावजी, सही पायजे."

"काल सांगितलंया न्हवं?"

"दारूसाठनं न्हाई म्हंता, का केरबा येतोय म्हनून न्हाई म्हंता?"

त्यानं कासरा ओढला. अर्धी भरलेली मोट तशीच लोंबकळत राहिली.

"काय म्हनायचंय तुला?"

"केरबा रजेवर आलता तवा रहिमतपूरच्या बाजारात तुमी त्येच्याजवळ पाकीट दिल्यालं. टपालानं धाडलं तर सरकार फोडतंय म्हनून."

नानासोनं कासरा हाताला गुंडाळला.

"त्ये माघारी आलंय," ती म्हणाली. "त्येच्या सामानात व्हतं. पगाराच्या बुकात घडी घालून ठिवल्यालं."

पार्सल आलं तेव्हा नानासो डोंगरात होता. सुलाबाई तिसरीपर्यंत शिकलेली होती आणि घरात वाचता येणारी ती एकटीच होती. आरसा, मफलर आणि पगाराचं बुक सासऱ्यापुढं ठेवायच्या आधी तिनं तो कागद वाचला आणि चोळीत लपवला. पत्र चार ओळींचंच होतं. *गोऱ्याचं कापड अंगावर हाय तवर या घराचा उंबरा तुला बंद हाय. तू आमचा कुनी न्हाईस. तू मेलास तर आमी सुतक धरनार न्हाई.* खाली थोरल्या भावाची सही, वर 'केरबाच्या हाती, रहिमतपूर'. हे पत्र पोचलं आणि दीड महिन्यानं अर्जुना गेला.

"आप्पास्नी दावलंस?" नानासोनं विचारलं.

"न्हाई."

"का?"

"त्येस्नी एकच ल्योक उरलाय."

बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. एक वाक्य सुलाबाईच्या ओठावर आलं होतं. सही करा, न्हाईतर आज वाचून दावते. तेवढं बोलली असती तर सही तिथल्या तिथं झाली असती, हे तिला दिसत होतं. त्यालाही दिसत असावं, कारण तो मान खाली घालून तेच ऐकायची वाट बघत होता.

"सही न्हाई केली तर दावशील?" शेवटी त्यानंच विचारलं.

"न्हाई दावनार."

"मग मी का करावी?"

"मला ऐकायचंय म्हनून." ती एक पाऊल पुढं आली. "एकोनीस दिसांचा संसार माझा. त्यो झोपेत कुठल्या कुशीला वळायचा एवढंच मला ठावं हाय, भावजी. त्ये तिघं त्येच्यासंगं तीन वर्सं जेवलं, झोपलं. प्यालं तर बोलतील. त्येस्नी मी दुसरं काय देऊ म्हंजी त्ये बोलतील?"

नानासोनं कासरा सैल सोडला. मोट वर आली आणि पाणी थारोळ्यात पडलं. कागद धावेवर दगडाखाली ठेवून ती घरी आली. दुपारी तो कागद चुलीवरच्या कोनाड्यात होता आणि त्यावर सही होती.

*

रविवारी तिघं साडेदहाला आले. केरबा आता नाईक होता, तासगावकडचा. जोतिबाचा डावा हात काश्मीरच्या थंडीनं वाकडा झाला होता. तिसरा धुळा, आटपाडीकडचा धनगर, उंच आणि अबोल. तिघांनी आप्पासोंना उभं राहून सलाम केला आणि म्हाताऱ्यानं जुन्या सवयीनं टाच टाचेला लावायला बघितली. ती लागली नाही.

सोप्यात घोंगडी अंथरली होती. जर्मन धातूचे चार पेले होते. हमीदार म्हणून हजर राहायचं होतं म्हणून नानासो समोर गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होता, घरात नाही आणि बाहेरही नाही. आप्पासोंनी पहिल्या बाटलीचं सील काढलं. केरबानं पेला उचलून आधी थोडी रम जमिनीवर सांडली. "घे रं अर्जुना," तो म्हणाला. "आलो गड्या तुझ्या गावाला."

पहिला तासभर पीकपाण्याचं बोलणं झालं. आतल्या घरात सुलाबाई भाकरी थापत होती आणि कान बाहेर होते. मग दुसरी बाटली उघडली आणि जोतिबा मोठ्यानं हसला. "त्या बोराची गोष्ट सांगू का?" सुलाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपायला लागली. धोंडुबाईनं बघितलं. तिनं परातीपुढून जावेला हातानंच बाजूला सारलं.

"जा," ती म्हणाली. "उंबऱ्याशी बस जा. मी थापते."

सुलाबाई तिच्याकडं बघत राहिली.

"बगती काय? चुलीपाशी बसून न्हाई ऐकू येनार नीट."

ती मधल्या दाराच्या उंबऱ्याशी जाऊन चौकटीला टेकून बसली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. केरबानं फक्त आपली मांडी जरा वळवली, तिला आपलं तोंड दिसेल अशी.

इटलीत एका झाडाला हिरवी फळं होती, अर्जुनानं ती बोरं म्हणून मूठभर तोंडात घातली आणि दिवसभर थुंकत फिरला. एका गावात म्हातारी होती, तिच्या विहिरीचा रहाट मोडला होता. तिथं असेपर्यंत रोज पहाटे अर्जुना तिचं पाणी शेंदून द्यायचा. ती त्याला काहीतरी म्हणायची, तो तिला "व्हय आये, व्हय" म्हणायचा. धुळानं तिकडं मेंढरं बघितली आणि रडू लागला. तेव्हा अर्जुना मेंढक्याकडं हातवारे करून गेला आणि मूठभर लोकर मागून घेऊन आला. "वास घे म्हनला," धुळा म्हणाला. बराच वेळ गप्प बसलेला तो तेवढं एकच वाक्य बोलला.

"आन् वहिनी, तुमचं तर आमाला समदं पाठ हाय," जोतिबा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "हसताना तुमी पदर तोंडात धरता. भाजीत मीठ इसरता. लगीन झाल्यावर तीन म्हैनं तुमी दोगं संगं व्हता, त्या तीन म्हैन्यांत काय काय झालं त्ये..."

"एकोनीस दिस," सुलाबाई म्हणाली.

जोतिबा तिच्याकडं वळला.

"एकोनीसच दिस व्हतो आमी."

जोतिबानं केरबाकडं बघितलं. केरबानं पेला खाली ठेवला. "आमाला त्यो तीन म्हैनं सांगायचा," तो हळू म्हणाला. "दर बारीला नवीन काय तरी असायचं. आमी म्हनायचो, गड्या, लय रजा मिळाली तुला."

सुलाबाईनं तोंड पदरात धरलं. ती हसत होती का रडत होती ते तिचं तिलाच कळलं नाही. इकडं ती चौदा दिवस पुरवून पुरवून वापरत होती आणि तिकडं तो त्यांचे नव्वद करीत होता.

"गेला कसा?" आप्पासोंनी विचारलं. "कागदावर लिवल्यालं, शौर्यानं. खरं सांगा."

उत्तर धुळानं दिलं. "जेवणाचा डबा धूत व्हता जी. नदीच्या अलीकडं. तोफगोळा आला. डबा तसाच हातात व्हता."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "असंच असतंय," तो म्हणाला. "बसऱ्यालाबी असंच व्हतं."

जेवणं झाली. तिसरी बाटली अर्धी झाली होती. केरबाचे डोळे भरले होते आणि तो गोठ्याकडं बघत होता. "त्ये नानासो न्हवं का?" तो एकदम म्हणाला. "आवं नानासो! तुमचं पाकीट मीच न्हेलं की. भावाचं हाय म्हनल्यावर काय खूश झाला त्यो! हातातनं वढूनच घेतलं. आन् वाचून झाल्यावर मातूर एकटाच जाऊन बसला, सांजपतूर. इचारलं तर काय बोलला न्हाई."

नानासो कट्ट्यावरून उठून उभा राहिला.

"कसलं पाकीट?" आप्पासोंनी मान वळवून चांगला कान पुढं केला. "नानानं त्येला पत्र लिवल्यालं? मला कसं ठावं न्हाई? काय व्हतं त्यात?"

नानासोनं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या चेहऱ्याकडं बघून सुलाबाईला कळलं, आता हा सगळं सांगून टाकणार. हार घातलेला, खादीतला, सगळ्या तालुक्याला शहाणपण सांगणारा हा माणूस आता लहान पोरासारखा बापापुढं उभा राहणार, आणि बाप ते ऐकून किती दिवस जगेल ते देवाला ठाऊक.

"माझ्यापाशी हाय त्ये पत्र," ती म्हणाली. "सामानात आलं व्हतं."

"चार वर्सं?" म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. "आन् मला वाचून दावलं न्हाईस?"

"लय मायेचं हाय, मामंजी. तुमाला सोसायचं न्हाई म्हनून."

"आन."

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," नानासो म्हणाला.

"तू गप. चांगलं लिवलंस त्येची काय लाज? आन पोरी."

ती आत गेली. ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत तो कागद होता. परत येऊन ती उंबऱ्यावर बसली आणि कागद आपल्याकडं कलता धरला. त्यावरच्या चार ओळी तिला न बघताही दिसत होत्या. तिनं वाचायला सुरुवात केली.

"'चिरंजीव अर्जुनास आशीर्वाद. हिकडं समदी खुशाल हायती. तू गेलास तवापासनं घरात तुझं नाव कुनी मोठ्यानं घेत न्हाई. घेतलं तर आप्पा उठून भाईर जात्यात. पर मी मनात घेतो. तू कुठल्या मुलखात हायेस त्ये ठावं न्हाई. कुनी म्हनलं दिस मावळतो तिकडं. म्हनून सांजचं मी तिकडं बगतो...'"

ती अडखळेल असं तिला वाटलं होतं, पण शब्द येत होते. सात वर्षं ते कुठं तरी रांग लावून उभे असावेत. नवऱ्याला पत्र लिहायची त्या घरात रीत नव्हती. पाकिटावर पत्ता घालायलाही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"'वाट बगायची म्हंजी नेमकं काय करायचं, त्ये मला कुनी शिकीवलं न्हाई. पानी भरताना बगायची, का दळताना बगायची...'"

ती थांबली. आत तव्यावरचा आवाज थांबला होता. धोंडुबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. कुठला पुरुष दळताना वाट बघतो? सुलाबाईनं मान वर केली नाही. तिनं कागद घट्ट धरला.

"'...त्ये कळत न्हाई. माझा तुज्यावर राग न्हाई. तू कवा येनार त्ये सांगून गेला न्हाईस, त्येचाबी राग न्हाई. येशील तवा ये. अंगावर कापडं कुठलीबी असू देत. उंबरा तुझा हाय.'"

तिनं घडी घातली. केरबा उघडउघड रडत होता. जोतिबा वाकड्या हातानं डोळे पुसत होता. "असला भाऊ पायजे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नानासो पाठ फिरवून बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"नाना," आप्पासो म्हणाले, "लय चांगलं लिवलंस रं."

सहाला अजून अवकाश होता तेव्हाच तिघं निघाले. वेशीपर्यंत आप्पासो त्यांना पोचवायला गेले. अंगणात नानासो परवान्याच्या पाठीवर लिहीत होता. *समारंभ शांततेत पार पडला. उरलेली दारू जमा करीत आहे.* सही करून त्यानं कागद सुलाबाईपुढं धरला, पण सोडला नाही.

"सुला, त्यातलं एक अक्षरबी माझं न्हवतं."

"शेवटचं तुमचंच व्हतं," ती म्हणाली. "उंबऱ्याचं. मी फकस्त उलटं वाचलं."

त्यानं कागद सोडला. ती भांडी उचलायला लागली. विसळायला धोंडुबाई शेजारी येऊन बसली. नेहमी ती समोर बसे. दोघींनी मिळून पेले राखेनं घासले. एकदाच धोंडुबाई म्हणाली, "उद्याचं दळान मी घीन." एवढंच म्हणाली.

*

सोमवारी दुपारी नानासो उरलेल्या बाटल्या आणि परवाना घेऊन साताऱ्याला गेला होता. घरात सामसूम होती. सुलाबाईला वाटलं होतं की काल एवढं ऐकल्यावर आज घर भरल्यासारखं वाटेल. उलट काल जेवढा तो मिळाला होता तेवढी जागा आज रिकामी वाटत होती. इटलीतली म्हातारी, बोरं, लोकर हे सगळं ती मनात पुन्हा पुन्हा लावून बघत होती आणि प्रत्येक ठिकाणी तिच्याशिवायच तो उभा होता.

सोप्यात आप्पासो जागे होते. "पोरी," त्यांनी हाक मारली. "त्ये पत्र आन. परत वाच."

कालचे शब्द सगळे ध्यानात असतील का? ती कागद घेऊन आली, सासऱ्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली आणि सावकाश वाचू लागली. आशीर्वाद, खुशाली. नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. दिस मावळतो तिकडं. आता ती सावध होती. कालची चूक तिनं दुरुस्त केली.

"'...वाट बगायची म्हंजी नेमकं काय करायचं, त्ये मला कुनी शिकीवलं न्हाई. पानी भरताना बगायची, का मोट हाकताना...'"

"न्हाई," आप्पासो म्हणाले.

ती थांबली.

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. त्यानं हात पुढं केला, चाचपडत तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"काल दळताना व्हतं," तो म्हणाला. "काल व्हतं तसंच वाच."